कामाकुरातील एक महिना : स्मरणचित्रांच्या आधारे कांजी शिकण्याचे एक प्रकरण

जेम्स हायसिग हे अमेरिकी अभ्यासक १९७७ साली जपानी शिकण्यासाठी कामाकुरा या जुन्या शहरातील एका भाषाशाळेत पोहोचले, तेव्हा तेथील वर्ग आधीच सुरू झालेले होते आणि त्यांच्या पातळीच्या विद्यार्थ्यासाठी वेगळी सोय नव्हती. व्याकरण त्यांनी पुस्तकावरून स्वतःच शिकून घेतले होते. कांजींशी, म्हणजे चीनमधून जपानी लेखनात आलेल्या चिन्हांशी, मात्र त्यांची तोंडओळखही नव्हती. काही दिवस स्वतःच अभ्यास करायचे ठरवून त्यांनी अनुभवी शिक्षकांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना विचारून पाहिले, तेव्हा त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी लेखनाचा नाद कधीच सोडून दिल्याचे त्यांच्या लक्षात आले. जपानमधील चौथ्या दिवशी ग्रंथालयात त्यांना कांजींच्या व्युत्पत्तीवरील एक पुस्तक सापडले आणि ते वाचत त्यांनी जवळजवळ सारी रात्र जागून काढली. पुढचा आठवडा प्रयोगांत गेला, आणि महिना संपण्याच्या आत सुमारे १९०० कांजींचे अर्थ आणि लेखन त्यांना येऊ लागले.

हा तपशील हायसिग यांनी पुढे ‘रिमेंबरिंग द कांजी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत स्वतःच दिलेला आहे, त्यामुळे तो एका माणसाचे स्वतःविषयीचे निवेदन म्हणूनच वाचला पाहिजे. तरीही हे प्रकरण तपासण्याजोगे आहे, कारण वापरलेली पद्धत त्यांनी पायरीपायरीने लिहून ठेवली आणि त्यानंतरच्या काळात जगभरातील विद्यार्थ्यांनी ती आपापल्या परीने वापरून पाहिली. ही हकीकत सहसा चित्रांच्या, म्हणजे चिन्हाचे भाग आणि अर्थ यांना जोडणाऱ्या मनातल्या प्रसंगांच्या, करामतीची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते चित्रे हा या पद्धतीचा सर्वांत नजरेत भरणारा भाग आहे, पण सर्वांत भार उचलणारा भाग नव्हे. तो भार दोन रुक्ष निर्णयांनी उचलला होता, आणि ते निर्णय वगळून जे विद्यार्थी नुसती चित्रे उसनी घेतात त्यांची गाडी शेदोनशे कांजींनंतर अडते.

अडचण नेमकी कोणती होती

जपान सरकारने १९४६ साली रोजच्या वापरासाठी १८५० कांजींची यादी ठरवून दिली होती आणि हायसिग कामाकुरात आले तेव्हा तीच चालू होती. १९८१ साली तिच्या जागी १९४५ कांजींची यादी आली आणि २०१० साली ती वाढून २१३६ पर्यंत गेली. यांतील प्रत्येक कांजीबाबत शिकणाऱ्याला तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात : आकार, अर्थ आणि उच्चार. उच्चार बहुधा एकाहून अधिक असतात, कारण चिनीतून आलेला ‘ओन’ उच्चार आणि मूळ जपानी शब्दाचा ‘कुन’ उच्चार असे दोन्ही एकाच चिन्हाला चिकटलेले असतात.

हिरागाना आणि काताकाना या अक्षरमालांचा मराठी माणसाला फारसा त्रास होत नाही. अ, का, सा, ता, ना, हा, मा असा त्यांचा क्रमच भारतीय वर्णविचारातून जपानात गेलेला आहे. कांजींपाशी मात्र ही सगळी शिदोरी निरुपयोगी ठरते, कारण तेथे अक्षरावरून उच्चार जुळवत जाण्याची वाट सरळ नसते.

जपानी मुलाची स्थिती निराळी असते. पहिलीत त्याला ८० कांजी शिकवतात आणि प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत, २०२० पासूनच्या अभ्यासक्रमानुसार, १०२६. ज्या शब्दासाठी ते चिन्ह शिकत असते तो शब्द त्याच्या तोंडी आधीच बसलेला असतो. आकार तेवढा नवा असतो, आणि तो गिरवून हातात बसवायला त्याच्याजवळ वर्षे असतात. प्रौढ परदेशी विद्यार्थ्याला शब्दही नवा, आकारही नवा आणि वेळही थोडा. असे असताना दोघांनाही वहीत तेच चिन्ह वीसवीसदा गिरवायला सांगितले जाते, ही मला या सर्व व्यवहारातील सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटते.

दोन निर्णय

हायसिग यांनी जपानी मुलाऐवजी जपानी शिकायला येणाऱ्या चिनी प्रौढाकडे पाहिले. चिनी माणसाला बहुतेक कांजींचा आकार आणि अर्थ घरूनच माहीत असतो; उच्चार तेवढे नव्याने शिकायचे राहतात, आणि म्हणून तो इतरांच्या कितीतरी पुढे असतो. आपणही आधी त्याच्या जागी जाऊन पोहोचावे, आणि मग उच्चारांना हात घालावा, हा पहिला निर्णय. त्यानुसार त्या महिन्यात त्यांनी प्रत्येक कांजीला इंग्रजीतील एकच सूचक शब्द दिला आणि उच्चार पूर्णपणे बाजूला ठेवले. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हा निर्णय पटणे कठीण आहे, कारण महिनाभर राबूनही विद्यार्थ्याला एक वाक्य मोठ्याने वाचता येत नाही.

दुसरा निर्णय क्रमाचा. शाळेचा क्रम किंवा वापराच्या वारंवारतेचा क्रम सोडून त्यांनी कांजी घटकांनुसार लावल्या. आधी एक ते दहा हे अंक, तोंड, सूर्य, चंद्र, भातशेत, डोळा असे साधे आकार; मग त्यांच्या जोडण्या; मग जोडण्यांच्या जोडण्या. नवे चिन्ह आले की त्याचे भाग आधीच ओळखीचे असावेत, एवढाच नियम. त्याचे परिणाम विचित्र दिसतात. पुस्तकाच्या दुसऱ्याच पाठात ‘पित्ताशय’ येते, कारण मांस आणि पहाट हे त्याचे दोन्ही भाग तोवर झालेले असतात. ‘खाणे’ या रोजच्या कांजीला मात्र पहिल्या हजारांत जागा मिळत नाही. त्याच दुसऱ्या पाठात वर ‘पाच’ आणि खाली ‘तोंड’ असलेली एक कांजी येते. तिचा अर्थ ‘मी’, आणि आजच्या लेखनात ती क्वचितच आढळते. एवढ्या लवकर ती कशासाठी, असे विद्यार्थ्याला वाटते; पण तिच्या डावीकडे ‘बोलणे’ हा घटक जोडला की ‘निहोंगो’ (जपानी भाषा) या शब्दातील ‘गो’, म्हणजे भाषा, ही कांजी तयार होते. चौदा रेघांचे जे चिन्ह नवख्याला जंजाळ वाटते, त्यात या क्रमाने येणाऱ्याला दोनच वस्तू दिसतात.

चित्रांचे काम याच्यानंतर सुरू होते, आणि ते मर्यादित असते. प्रत्येक घटकाला एक ठोस नाव द्यायचे, व्युत्पत्ती सोयीची असली तर घ्यायची, नसली तर बेलाशक सोडून द्यायची. आणि त्या घटकांना सूचक शब्दाशी बांधणारा एक प्रसंग मनात उभा करायचा. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, हे चित्र तर व्युत्पत्तीनेच हातात ठेवलेले आहे. पण असे आयते नमुने थोडे, कारण बहुसंख्य कांजी एक अर्थाचा आणि एक उच्चाराचा अशा दोन भागांच्या बनलेल्या असतात, आणि उच्चाराच्या भागाचा अर्थाशी काही संबंध असेलच असे नाही. तेथे प्रसंग स्वतःच रचावा लागतो. पुस्तकाची मांडणीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे : पहिल्या भागात पूर्ण गोष्टी दिलेल्या आहेत, दुसऱ्यात नुसते कथानक, आणि तिसऱ्या, सर्वांत मोठ्या भागात केवळ घटकांची नावे आणि सूचक शब्द. तेथून पुढे शिकणारा आणि त्याची कल्पना.

उजळणीची दिशाही ठरलेली होती. कार्डावर सूचक शब्द पाहायचा आणि कांजी लिहून काढायची. कांजी पाहून अर्थ सांगायचा नाही. लिहिता आले तर ओळखता येतेच, उलट मात्र खरे नसते, हे त्यामागचे कारण.

एका देवळाभोवतीच्या सहा कांजी

ही पद्धत जवळून पाहायची तर ‘देऊळ’ या कांजीचे कुटुंब घ्यावे. तिचे दोन भाग आहेत : वर ‘माती’ आणि खाली ‘सुन’, म्हणजे सुमारे तीन सेंटीमीटरचे जुने जपानी माप. सहा रेघांचे हे देऊळ जसेच्या तसे उजवीकडे ठेवून डावीकडचा घटक बदलत गेले की सहा निरनिराळ्या कांजी मिळतात. डावीकडे सूर्य आला की वेळ, हात आला की धरणे, माणूस आला की सामुराई, वाट आली की थांबून राहणे, बैल आला की विशेष, आणि बोलणे आले की कविता. गिरवून शिकणाऱ्यांना हे कुटुंब हमखास छळते, कारण प्रत्येक चिन्हाचा उजवा भाग एकच असतो आणि हाताला त्याचीच सवय लागते. ‘सामुराई’च्या आठ रेघा आणि ‘थांबणे’च्या नऊ, यांत फरक डावीकडच्या एका तिरप्या रेघेचा.

जपानी देऊळ हे बौद्ध मंदिर, पण चित्र मनात उभे करायचे असल्याने कांजी शिकणाऱ्या मराठी माणसाने आपल्या ओळखीचे देऊळ घेतलेले बरे, आणि येथे नशिबाने सगळेच जुळून येते. बैल आणि देऊळ म्हटले की गाभाऱ्यासमोरचा नंदी समोर येतो, आणि इतर सर्व बैलांहून तो विशेष असतोच. बोलणे आणि देऊळ म्हटले की सभामंडपातला अभंग, म्हणजे कविता. कळसावर आलेला सूर्य पाहून आरतीची वेळ ठरवणारा पुजारी, ओंजळ करून तीर्थ धरणारा हात, दाराशी शस्त्र घेऊन उभा असलेला दगडी द्वारपाल, ही चित्रे जमवायला प्रयास पडत नाहीत.

सहावे चित्र मात्र फसवे आहे. ‘थांबणे’ आणि ‘देऊळ’ म्हटल्यावर आपल्याला पंढरपूरची दर्शनबारी आठवते, आणि ती इतकी चपखल वाटते की पुढे तपासून पाहावेसे वाटत नाही. आठवडाभराने ‘थांबणे’ ही कांजी लिहायला घेतली की बारी लख्ख आठवते, बारीत ताटकळणारी माणसे आठवतात, आणि हात डावीकडे ‘माणूस’ हा घटक लिहून मोकळा होतो. कागदावर उमटतो तो सामुराई. स्मरणाने दगा दिलेला नसतो. स्मरणाने चित्र बरोबर आणून दिलेले असते, पण त्या चित्रात कांजीत नसलेली वस्तू सर्वांत ठळक असते. उपाय असा की बारीतून माणसे काढून टाकावीत आणि नुसती वळणे घेत देवळाकडे जाणारी रिकामी वाट डोळ्यांपुढे आणावी. घटकाचे नाव ‘वाट’ ठेवले तर ‘वाट पाहणे’ हा अर्थही आपसूक जवळ येतो. चित्र रंगतदार असण्यापेक्षा त्यात कांजीच्या घटकांव्यतिरिक्त काही न शिरू देणे महत्त्वाचे आहे, आणि दुसऱ्याने रचलेल्या गोष्टी घोकणाऱ्यांचा घोटाळा बहुतेकदा येथेच होतो : गोष्ट तोंडपाठ असते, पण तिच्यातील कोणती वस्तू कागदावर उतरवायची हे ठाऊक नसते.

व्युत्पत्तीच्या जाणकारांना हे सगळे अर्थातच खपणार नाही. प्राचीन चीनमध्ये ‘देऊळ’ची ही कांजी सरकारी कचेरीसाठी वापरली जाई, बौद्ध मंदिराचा अर्थ तिला नंतर मिळाला, आणि वर सांगितलेल्या जोडकांजींत ती मुख्यतः उच्चारासाठी आलेली आहे. नंदीचा तर संबंधच नाही. आक्षेप खरा आहे, पण तो या पद्धतीच्या हेतूला लागू पडत नाही, कारण तिला इतिहास सांगायचा नसून हाताला पुढची रेघ सुचवायची आहे.

काय सिद्ध होते आणि काय नाही

मनात रचलेल्या प्रतिमेमुळे परकी भाषा लक्षात राहते, हे कामाकुराच्या दोनच वर्षे आधी, १९७५ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठात अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी रशियन शब्दांवर तपासले होते. १२० शब्द शिकवल्यानंतरच्या परीक्षेत प्रतिमा वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा हे आकडे अनुक्रमे ४३ आणि २८ वर आले होते. म्हणजे आघाडी टिकली, पण प्रतिमा वापरणारेही बरेच काही विसरले. चिनी लिपिचिन्हांबाबत वँग आणि थॉमस यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष याहून निरुत्साही आहेत : लगेच घेतलेल्या चाचणीत प्रतिमांचा लाभ दिसला, पण काही काळ मध्ये गेल्यावर ती आघाडी टिकली नाही.

हे निष्कर्ष कामाकुराच्या हकिकतीशी विसंगत वाटतात, पण मला तसे वाटत नाही. प्रयोगशाळेतील विद्यार्थी थोडी सुटी चिन्हे शिकतो, एकदा चित्र पाहतो आणि नंतर त्याला परीक्षेला बसवले जाते. हायसिग यांच्याकडे घटकांची सलग साखळी होती, तीत पुढची प्रत्येक कांजी मागच्या दहाबारा कांजींची आपोआप उजळणी करून घेत होती, आणि सूचक शब्दावरून लिहून काढण्याचा सराव रोज चालू होता. ‘माती’ हा घटक एकदा शिकून झाला की तो पुढे डझनावारी चिन्हांत भेटत राहतो. तो विसरायला सवडच मिळत नाही. सुट्या चित्राला असा आधार नसतो.

त्याच वेळी या प्रकरणातील व्यक्ती सर्वसामान्य नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. हायसिग तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, अमूर्त संकल्पनांना नावे देऊन त्यांची वर्गवारी लावणे हा त्यांचा पेशा होता, आणि त्या दिवसांत त्यांना दुसरे काम नव्हते. ते जपानमध्येच होते, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पाटी फुकटची उजळणी करून देत असणार. पुढे नागोया येथील नानझान विद्यापीठाच्या धर्म आणि संस्कृती संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि जपानी तत्त्वज्ञांवर लिहिले, म्हणजे शिकलेले वापरात राहिले. नोकरी सांभाळून रात्री तासभर बसणाऱ्याने महिन्याचा हिशेब स्वतःला लावू नये. रोज दहापंधरा कांजी आणि उजळणी एवढे जमले तरी ते पुष्कळ आहे, आणि खरा वेळ नव्या कांजींना नव्हे तर साचत जाणाऱ्या उजळणीला लागतो.

बाजूला ठेवलेला उच्चार

पद्धतीची खरी किंमत उच्चाराच्या खात्यावर पडते. वर आलेल्या ‘पाच’ या कांजीचा ओन उच्चार ‘गो’. तिच्याखाली तोंड जोडलेल्या ‘मी’चाही ‘गो’. तिला ‘बोलणे’ जोडले की भाषा, तिचाही ‘गो’. आणि ‘बोलणे’च्या जागी ‘हृदय’ हा घटक ठेवला की साक्षात्कार या अर्थाची कांजी मिळते, तिचाही ‘गो’. ‘निळा’ या कांजीचा ओन उच्चार ‘सेइ’. तिला पाणी जोडले की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र आकाश, बोलणे जोडले की विनंती, आणि तिन्हींचा उच्चार ‘सेइ’च राहतो. म्हणजे ज्या घटकाला चित्रात कसाबसा एक अर्थ चिकटवून बसवावे लागते, तो पुष्कळदा उच्चार सांगण्यासाठीच तेथे उभा असतो. सगळीकडे हे इतके नीट जुळत नाही : देवळाच्या कुटुंबात वेळ, धरणे आणि सामुराई यांचा ओन उच्चार ‘जी’ आहे, कवितेचा ‘शी’, थांबण्याचा ‘ताइ’ आणि विशेषचा ‘तोकु’. तरीही सहांपैकी तीन उच्चार फुकट मिळत असताना ते नाकारणे महागात पडते.

पुण्यामुंबईत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा भाग विशेष जाचतो. त्या परीक्षेत हाताने काही लिहावे लागत नाही; पर्याय निवडायचे असतात आणि त्यांतील बरेच प्रश्न कांजीत लिहिलेल्या शब्दाचा उच्चार विचारतात. कामाकुराची पद्धत जसजशी पुढे जाते तसतसे लेखन पक्के होते, पण परीक्षेत विचारले जाणारे मागे राहते. म्हणून खालच्या स्तरांची परीक्षा तोंडावर असताना ही पद्धत मुळापासून सुरू करणे मला व्यवहार्य वाटत नाही. वर्ष दीड वर्ष हाताशी असेल आणि पुढे जपानी वाचायचे असेल तर गोष्ट वेगळी.

मधला मार्ग निघू शकतो. क्रम घटकांचाच ठेवावा, चित्रही रचावे, पण कार्डाच्या मागच्या बाजूला कांजीबरोबर तिचा एक ओन उच्चार आणि ती जेथे वापरली जाते असा एकच पूर्ण शब्द लिहावा. ‘भाषा’च्या कार्डावर ‘निहोंगो’, ‘वेळ’च्या कार्डावर ‘जिकान’. सगळे उच्चार एकदम कोंबू नयेत, कारण सूचक शब्दावरून कांजी लिहिण्याचा झपाटा त्यामुळे मोडतो. कुन उच्चार वाचनातून येऊ द्यावेत.

हायसिग यांनीही उच्चारांसाठी दुसरा खंड काढला, आणि त्यात मुख्य आधार चित्रांचा नसून समान उच्चाराच्या घटकांनी बांधलेल्या गटांचा आहे. ज्यांतील प्रत्येक कांजीचा ओन उच्चार एकच असतो असे शुद्ध गट आधी आणि अपवादांनी भरलेले गट नंतर. तिसऱ्या खंडाने एकूण कांजी ३००० च्या आसपास नेल्या. पहिल्या खंडावर थांबणारे विद्यार्थी मात्र फार असतात, आणि त्यांना दुकानावरच्या पाटीचा अर्थ कळतो, ती वहीत लिहूनही दाखवता येते, पण दुकानाचे नाव विचारले तर सांगता येत नाही.